‘आमोरेस पेरोस’ : मधली गोष्ट खरंच हवी होती का?

सायली_व

मेक्सिकोचा ‘आमोरेस पेरोस’ (2000) ज्यांनी पाहिलाय त्यांच्याशी बोलायचंय. पाहिला नसेल तर इथेच थांबा, खाली सगळं फुटणार आहे.

ज्यांना बघून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात. मेक्सिको सिटीत एका चौकात दोन गाड्या धडकतात आणि त्या धडकेभोवती तीन गोष्टी आहेत. पहिली ओक्तावियोची. त्याचा जीव मोठ्या भावाच्या बायकोवर, सुसानावर आहे. तिला घेऊन पळायचं तर पैसे हवेत, म्हणून तो घरचा कोफी हा कुत्रा झुंजीत उतरवतो. दुसरी वालेरियाची. ती मॉडेल आहे, शहरभर तिचे फलक लागलेत. तिच्यासाठी बायको-मुलींना सोडून आलेल्या दानिएलबरोबर नव्या घरात ती राहायला येते आणि त्याच दिवशी अपघातात तिचा पाय चिरडतो. तिसरी एल चिवोची. दाढी वाढलेला, कचऱ्याची हातगाडी ढकलणारा म्हातारा, मागे कुत्र्यांचा तांडा. हा सुपारी घेऊन माणसं मारतो.

पहिल्या गोष्टीने मला जागचं हलू दिलं नाही. त्या घरातलं स्वयंपाकघर आठवा. सासू सुसानाला सुनावते की मी माझी पोरं वाढवली, आता तुझं तू बघ. ती शाळेच्या गणवेशात, कडेवर बाळ, पोटात दुसरं. तिचा नवरा रामिरो येतो, ओरडतो, तिच्या अंगावर हात टाकतो, आणि ओक्तावियो टीव्हीसमोर बसून सगळं ऐकत असतो. एका खोलीत एवढी घुसमट मी फार कमी सिनेमांत पाहिली आहे. तिसऱ्या गोष्टीत एल चिवो मुलीच्या घरात चोरून शिरतो, भिंतीवरच्या फोटोत सावत्र बापाच्या तोंडावर स्वतःचा फोटो चिकटवतो, उशीखाली नोटा ठेवतो. मग तिच्या आन्सरिंग मशीनवर बोलायला लागतो आणि सांगायचं ते सांगून व्हायच्या आधीच मशीन बंद पडतं. तिथे मी रडले.

पण मधली गोष्ट? तासभर रक्त, वेग, गाडीच्या मागच्या सीटवर गोळी लागलेला कुत्रा, आणि मग एकदम एक फ्लॅट. लाकडी फरशीला भोक पडलंय, त्यात रिची नावाचं छोटं कुत्रं चेंडूमागे शिरून अडकलंय आणि दोघं त्यावरून भांडतायत. माझा भाऊ माझ्यासोबत बघत होता, तो या भागात उठून जेवण गरम करायला गेला आणि परत आला तेव्हा म्हणाला, “अजून कुत्रं बाहेर आलं नाही?” मला त्याचं म्हणणं पटलं होतं. सिनेमा 154 मिनिटांचा आहे. हा भाग निम्मा कापला असता तर काय बिघडलं असतं?

आणखी दोन गोष्टी. कुत्र्यांच्या झुंजी कशा चित्रित केल्या कुणाला माहीत आहे का? मी ती दृश्यं बोटांच्या फटीतून पाहिली. आणि एल चिवो आधी प्राध्यापक होता, मग बंदुका हातात घेतल्या, वीस वर्षं तुरुंगात होता, असं तो भ्रष्ट पोलीस दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. हे मेक्सिकोत कधी घडत होतं?

---

निशाचर

कुत्र्यांचं आधी, कारण त्या एका गोष्टीमुळे अनेक जण हा सिनेमा बघतच नाहीत.

एकही झुंज खरी नाही. एरवी शेवटी येते ती ‘प्राण्यांना इजा झालेली नाही’ ही पाटी इथे सिनेमा सुरू व्हायच्या आधीच येते. कुत्र्यांची तोंडं कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बारीक दोऱ्याने बांधलेली होती, त्यामुळे ती चावूच शकत नव्हती. प्रत्यक्षात ती खेळत होती. मेलेली दिसतात त्यांना देखरेखीखाली भूल दिलेली होती. बाकी सगळं संकलन आणि आवाज. परत बघण्याचं धाडस झालं तर नीट पाहा, दोन कुत्री एकमेकांना भिडलेली दिसतात ती क्षणभरच. कॅमेरा लगेच माणसांच्या चेहऱ्यांवर जातो. आपण जे पाहिलं असं वाटतं त्यातलं अर्धं आपण ऐकलेलं असतं. तिथे मेक्सिकोच्या केंद्रीय दंडसंहितेत कुत्र्यांची झुंज हा गुन्हा झाला तो 2017 साली, म्हणजे सिनेमानंतर सतरा वर्षांनी.

चित्राचा तो करडा, खरबरीत पोत छायालेखक रोद्रिगो प्रिएतोचा. फिल्म धुताना त्यातली चांदी काढून न टाकता तशीच ठेवली, की काळं आणखी काळं होतं, पांढरं जळल्यासारखं दिसतं, रंग उडतात पण लाल मात्र टिकून राहतो. त्यात जवळजवळ सगळा सिनेमा खांद्यावरच्या कॅमेऱ्याने घेतलाय. दिग्दर्शक अलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितूचा हा पहिलाच सिनेमा. आधी तो रेडिओवर होता, मग जाहिरातींत. कान महोत्सवात क्रिटिक्स वीकमध्ये याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी नामांकनही झालं.

मधल्या गोष्टीबद्दल मी तुमच्या भावाच्या बाजूचा आहे. फरशीखालचा अंधार, वर एकमेकांना बोचकारणारं जोडपं, खाली उंदीर. हे सगळं फार समोर आणून ठेवलंय. पहिल्या गोष्टीत मला काहीच समजावून सांगितलं नव्हतं, तरी सगळं कळलं. इथे तीच गोष्ट तीनदा सांगितली जाते.

---

पाऊलखुणा

सायलीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय गेलेल्या, पाय वाचलेल्या आणि पाय वाचेल या आशेवर असलेल्या माणसांबरोबर माझा दिवस जातो. त्यामुळे या सिनेमातला माझा भाग मधलाच. तुम्ही आणि निशाचर ज्याला लांबण म्हणताय तीच मला या गोष्टीची खरी ताकद वाटते. जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या गोष्टीतलं नुकसान एका क्षणात होतं. गोळी, धडक, संपलं. तिसरीतलं वीस वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं आहे. मधल्या गोष्टीत ते आपल्या डोळ्यांसमोर, रोज थोडं थोडं होतं. वालेरिया इस्पितळातून घरी येते तेव्हा तिचा पाय आहे. धातूच्या सळया लावलेला, व्हीलचेअरवर सरळ ठेवलेला, पण आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की हलू नको, जोर देऊ नको. आता घरात ती दिवसभर एकटी, दानिएल कामावर. आणि फरशीखालून कुत्र्याचं कण्हणं ऐकू येतंय.

तुमच्या भावाने विचारलं ना, अजून कुत्रं बाहेर आलं नाही का. वालेरियाही दिवसभर हेच विचारत असते. तिच्या हातात दुसरं काही उरलेलंच नाही. ज्याच्या पायाला सळया आहेत त्याच्या घरात असा एखादा हट्ट हमखास असतो. कुणाला कपाट स्वतःच आवरायचं असतं, कुणाला गच्चीवर जायचं असतं. घरच्यांना तो वेडेपणा वाटतो. माझ्याकडे येणारे नवरे, बायका, मुलं दाराबाहेर गाठून मला सांगतात, “ऐकतच नाही हो, एवढ्याशा गोष्टीसाठी जिवावर उदार होते.” ती एवढीशी गोष्ट नसते. पायाबद्दल बोलायची हिंमत नसते म्हणून माणूस कुत्र्याबद्दल बोलतो. वालेरिया आणि दानिएल त्या फ्लॅटमध्ये पायाबद्दल जवळजवळ बोलतच नाहीत, लक्षात आलं का? फरशी उचकटायला किती खर्च येईल, यावर बोलतात. उंदरांवर बोलतात. तू बायकोकडे परत जा, यावर ओरडतात.

दानिएलकडेही नीट बघा. तो वाईट माणूस नाही. इस्पितळात तो तिच्या उशाशी आहे. पण तो जिच्यासाठी घर सोडून आला ती बाई समोरच्या इमारतीवरच्या फलकावर आहे, लांब पाय टाकून बसलेली, आणि घरात खुर्चीत बसलेली बाई वेगळी आहे. एका दृश्यात तो आपल्या जुन्या घरी फोन लावतो. हुलिएता, त्याची बायको, उचलते. तो काही बोलत नाही. पहिल्या गोष्टीत त्याच घरात असेच मुके फोन यायचे, तेव्हा ते वालेरिया करत होती. आता तो करतो. पाळी बदलली. निशाचर, तुम्ही म्हणता इथे सगळं समोर आणून ठेवलंय, पण हा फोन कुणीच समजावून सांगत नाही.

आता पायाचं, कारण ते फार बरोबर दाखवलंय. चिरडलेल्या पायात हाड जुळणं हा अर्धाच प्रश्न असतो. रक्त खालपर्यंत पोचतंय का, हा खरा. म्हणून आम्ही रोज बोटं बघतो. गार पडलीयत का, रंग फिरलाय का, नख दाबून सोडल्यावर गुलाबी व्हायला किती वेळ लागतो, हात लावलेला कळतो का. दुखणं जखमेच्या मानाने जास्त असेल तर ते नाटक समजायचं नाही, लगेच कळवायचं. वालेरिया रिचीला शोधायला खुर्चीतून उतरते, जोर लावते, पडते. परत इस्पितळ. त्यानंतर भांडण होतं, ती स्वतःला खोलीत कोंडून घेते. दानिएल दार तोडून आत जातो तेव्हा ती जमिनीवर पडलेली असते. पाय काळानिळा. पुढे इस्पितळात डॉक्टर सांगतो की गँग्रीन झालं होतं, पाय काढावा लागला. पहिल्या गोष्टीत गोळी सुटलेली आपण ऐकतो. इथे पाय कधी गेला ते कुठल्या एका दृश्यावर बोट ठेवून सांगता येत नाही. माझ्या पेशंटांनाही नाही सांगता येत. ते मागे जाऊन शोधत बसतात की नेमकं केव्हा, त्या दिवशी उतरले म्हणून का, त्याने फोन उशिरा उचलला म्हणून का.

हे उगाळणं दाखवायला वेळ लागतो. भाग निम्मा केला असता तर आपल्याला ‘अपघात झाला आणि पाय गेला’ एवढीच बातमी मिळाली असती.

आणि दानिएल शेवटी फरशी उचकटतो. हातोडीने, घामाघूम होऊन, सगळी खोली फोडून काढतो. रिची मिळतो, उंदरांनी कुरतडलेला पण जिवंत. ती घरात नसताना. हे काम त्याने आठवड्यापूर्वी केलं असतं तर, हा प्रश्न त्या दोघांच्या संसारात कायम राहणार. तुम्ही त्याला क्षमा कराल का? मी करते. काळजी घेणाऱ्या माणसाला काय पहिलं करायला हवं होतं, हे सगळं होऊन गेल्यावरच दिसतं. हे मी रोज बघते.

---

मुक्ताई

पाऊलखुणा, तुमचं वाचून मधला भाग मी पुन्हा लावला. मुक्या फोनाचं अगदी खरं आहे.

मला मात्र सुसानाबद्दल बोलायचंय, कारण तिच्याबद्दल नेहमी ‘दोन भावांमध्ये सापडलेली मुलगी’ एवढंच लिहिलं जातं. ओक्तावियो तिच्यावर प्रेम करतो हे मान्य. पण तो तिला विचारतो कधी? तिच्यासाठी कुत्रा झुंजवतो, पैसे तिच्याकडे ठेवायला देतो, पळून जायचा बेत तोच ठरवतो, गावही तोच ठरवतो. रामिरोला मार खायला घालतो तेही तिला न विचारता. तो मार आणि त्या दोघांचा शृंगार आलटून पालटून दाखवलाय, आणि मला ते बघताना ओक्तावियोबद्दलची सगळी माया आटल्यासारखी झाली. रामिरो तिला मारतो, ओक्तावियो तिच्या नावावर दुसऱ्याला मारतो. तिच्या वाट्याला दोन्हीकडून हिंसाच.

आणि गाव कुठलं, तर सियुदाद हुआरेस. अमेरिकेच्या सीमेवरचं, कारखान्यांचं गाव. 1993 पासून तिथे तरुण मुलींचे खून होत होते, त्यातल्या किती तरी कारखान्यांत कामाला जाणाऱ्या साध्या घरातल्या मुली. सिनेमा याबद्दल एक शब्द बोलत नाही. पण 2000 साली मेक्सिकोत थिएटरमध्ये बसलेल्या बाईला ते नाव ऐकून काय वाटलं असेल? ती शेवटी बस स्टँडवर येत नाही तेव्हा बहुतेकांना ओक्तावियोचं वाईट वाटतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

नवरा बँक लुटताना मेलाय, दुसरं मूल पोटात आहे, आणि शवपेटीशेजारी दीर विचारतोय की येतेस ना माझ्याबरोबर. ती नाही म्हणते. पूर्ण सिनेमात तिने स्वतः घेतलेला निर्णय हा एवढाच.

---

जुनीपाने

सायलीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

एल चिवोचं वय आणि वीस वर्षांचा तुरुंग धरला की तो सत्तरच्या दशकात भूमिगत झालेल्या पिढीतला ठरतो. 2 ऑक्टोबर 1968 ला मेक्सिको सिटीत त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. ऑलिंपिक अवघ्या दहा दिवसांवर होतं. 10 जून 1971 ला पुन्हा मोर्चावर हल्ला झाला, या वेळी सरकारने पोसलेल्या निमलष्करी टोळीकडून. सनदशीर मार्गाने काही होणार नाही, असं त्यानंतर अनेक शिकलेल्या तरुणांनी ठरवून टाकलं. 1973 मध्ये ‘23 सप्टेंबर कम्युनिस्ट लीग’ स्थापन झाली. बँका लुटणं, उद्योगपतींचं अपहरण, हे त्यांचे मार्ग. गेरेरो राज्यात लुसियो काबान्यास हा शाळामास्तर डोंगरात जाऊन लढत होता, डिसेंबर 1974 मध्ये तो मारला गेला. सरकारने ही चळवळ चिरडताना शेकडो माणसं गायब केली. तिथे त्या काळाला ‘घाणेरडं युद्ध’ म्हणतात.

म्हणजे ‘प्राध्यापक ते मारेकरी’ ही पटकथेसाठी रचलेली उडी नाही. अशी माणसं होती. पटकथाकार गियेर्मो आरियागाने पुढचा प्रश्न विचारलाय, आणि तो मला फार जड वाटतो. जग बदलायला दोन वर्षांच्या मुलीला सोडून गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा जग तसंच आहे, मुलीला सांगितलंय की बाप मेला. आता तो कशासाठी जगणार? पूर्वी तो ज्यांच्याविरुद्ध लढला त्याच व्यापाऱ्यांच्या सुपाऱ्या घेतो. एक भाऊ दुसऱ्या भावाला मारायला सांगतो आणि हा पैसे मोजून घेतो.

आणि मग कोफी येतो. अपघातातून त्याने उचलून आणलेला, शुश्रूषा करून बरा केलेला कुत्रा. एक दिवस बाहेरून घरी येतो तर कोफीने त्याची बाकी सगळी कुत्री मारून टाकलेली. त्याला तेच शिकवलेलं आहे, त्यात त्याचा काय दोष? एल चिवो बंदूक रोखतो आणि चाप ओढत नाही. एल चिवो झालेल्या एमिलिओ एचेवारियाचं काम बघा त्या जागी. तो कुत्र्यावर ओरडतो, थरथरतो, आणि आपल्याला कळतं की हा स्वतःलाच बघतोय. त्यानंतर तो कुणाला मारत नाही. दोन्ही भावांना बांधून समोरासमोर बसवतो, मध्ये पिस्तूल ठेवतो आणि निघून जातो. नखं कापतो, दाढी काढतो, मोडका चष्मा चिकटवून डोळ्यांवर चढवतो.

सिनेमा मेक्सिकोत लागला जून 2000 मध्ये. 2 जुलैच्या निवडणुकीत 1929 पासून सत्तेवर असलेला पक्ष हरला. सगळा देश तेव्हा आपण इतकी वर्षं काय गमावलं याचा हिशेब मांडत होता.

---

सायली_व

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलखुणाताई, तुमचं उत्तर भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मधला भाग परत लाव.” मला अजूनही वाटतं की उंदरांची दृश्यं एक-दोन कमी चालली असती. पण दानिएल फरशी फोडतो ते दृश्य आता मला वेगळं दिसतंय. एवढे दिवस ते मी कुत्र्याच्या सुटकेचं दृश्य म्हणून बघत होते.

मुक्ताई, हुआरेसचं मला माहीत नव्हतं. त्याने पूर्ण शेवट बदलतो.

एक विचारू? सिनेमाच्या शेवटी येणारी अर्पणपत्रिका तुम्ही वाचली का? दिग्दर्शकाने ती लुसियानो नावाच्या कुणाला तरी वाहिली आहे. आपण जे गमावलं तेही आपणच आहोत, अशा अर्थाचं काहीतरी आहे. हा कोण?

---

निशाचर

इन्यारितूचा मुलगा. जन्मल्यावर काही दिवसांतच गेला.

पाऊलखुणा, तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत झालेलो नाही, पण ‘नेमकं केव्हा ते सांगता येत नाही’ हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. त्या नजरेने मी तो भाग कधी पाहिला नव्हता.

सायली, याच दिग्दर्शक-लेखक जोडीचे पुढचे दोन म्हणजे ‘21 ग्रॅम्स’ (2003) आणि ‘बाबेल’ (2006). तुम्हाला आता कोणता बघू असा प्रश्न पडला असेल तर आधी ‘21 ग्रॅम्स’. तोही अपघाताभोवतीच फिरतो, पण तिथे धडक दाखवलेलीच नाही. कॅमेरा बागेतली पानं उडवणाऱ्या एका पोऱ्यावर थांबतो, गाडी पुढे निघून जाते आणि फक्त आवाज येतो. घटना मागेपुढे करून सांगितल्यात, सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं काही लागत नाही, तेवढी धीर धरून काढा. भावालाही बसवा. ‘बाबेल’ मोरोक्को, जपान आणि मेक्सिकोची सीमा असा पसरलाय, तो नंतर.

---

पाऊलखुणा

‘21 ग्रॅम्स’ बघून झाला की त्यातल्या हृदयरोपण झालेल्या माणसाबद्दल इथे नक्की लिहा. शस्त्रक्रियेनंतर त्याला ‘हे कुणाचं होतं’ हा प्रश्न सोडत नाही. त्यावर मला बरंच बोलायचंय, पण तुम्ही बघायच्या आधी नाही.